दहिवरातली पावलं

"कुणीतरी रोज माझी कांद्याची पात कापतंय!" शोभानं वाफ्यापुढं बसकण मारली. "आन् कोण त्ये मला ठावं हाय."

नजर कुंपणापलीकडं, शेजारच्या प्रतापच्या खिडकीवर. घरामागच्या लाकडी डेकवर चहा पीत उभा असलेला तिचा नवरा नंदकुमार म्हणाला, "त्योच असंल. लई ग्वाड बोलतो."

मुलाकडं केंब्रिजला राहायला आल्यापासून शोभाचा एकच हट्ट. चातुर्मासात घरात कांदा नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत, रोडगा आणि घरच्या मातीतली पात दाखवायची, मगच तोंडात घालायची. गेल्या वर्षी दुकानातली पात दाखवावी लागली, ते तिला फार लागलं होतं. म्हणून यंदा थंडीच्या आत वाढावी अशा बेतानं जुलै सरताना बी टाकलेलं.

आणि हा प्रताप! त्याचंच म्हणणं, "वहिनी, पहिल्या फ्रॉस्टनं टोमॅटो जातो, पात नाही जात. इतक्यात हार्वेस्ट करू नका. कवर करायला पेंढा देतो मी."

शोभानं पेंढा घेतला, पण मनात पाल चुकचुकलीच. "उपटू नका म्हनं! म्हंजे ह्येला कापाया बरं."

ऑक्टोबरात फोनवर फ्रॉस्टची वॉर्निंग आली. शोभाचा जीव खालीवर झाला. पण आता उपटली तर चंपाषष्ठीपर्यंत टिकणार थोडीच? देवाचं नाव घेऊन तिनं पात पेंढ्याखाली तशीच ठेवली.

सकाळी गोठलेल्या दहिवरानं गवत पांढरंफेक. आणि त्यावर पावलं, अगदी ताजी!

"आज घावला गडी!" शोभा पदर खोचून माग काढत निघाली. पण पावलं कुंपणाकडं वळलीच नाहीत. वाफ्यापासून निघाली ती डेकच्या पायऱ्या चढून तिच्याच दारात गेली. दारात नंदकुमारच्या सपाता, ओल्याचिंब.

"त्वांड उघडा."

"अगं, बरश करायचाय अजून..."

"उघडा म्हन्ते ना!"

वास लपतोय होय? नंदकुमार मान खाली घालून म्हणाला, "कांदा न्हाई खाल्ला म्या. निस्ती पात."

शोभाला राग आला, आणि त्याहून जास्त, प्रतापवर उगाच आळ घेतल्याची लाज वाटली. ऊन चढल्यावर तिनं पेंढा बाजूला केला. पात हिरवीगार उभी होती. तिनं कुंपणावरनं हाक मारली, "भावजी, चंपाषष्ठीला जेवाया यायचं बरं का!"

चंपाषष्ठीला नैवेद्य झाल्यावर प्रतापच्या ताटात भरताशेजारी पातीची अख्खी जुडी पडली. नंदकुमार आपल्या ताटाकडं बघत राहिला.

"मला गं?"

"तुमची खाऊन झालीया," शोभा म्हणाली आणि त्याला नुसतं भरीत वाढलं.