अथलितच्या किल्ल्यातला धूर

सकाळचा दिवा लावल्याशिवाय मी तोंडात पाणीही घेत नाही. अथलितच्या, क्रूसवाल्या फिरंग्यांच्या किल्ल्यात दरवाजाला लागूनच संत युफेमियेचं देवघर आहे. मिठागरावर जाण्याआधी तिथं तेल घालायचं, हे माझं व्रत. दरवाजावरचा फिरंगी पहारेकरी रोज ओरडायचा, "आली उपासवाली! आज तरी आमच्यासाठी काही मागशील का?"

त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. दिंडी नुसतीच लोटलेली. आत ना घोडा, ना कुत्रं. उत्तरेचं अक्को शहर फिरंग्यांच्या हातून गेल्यापासून सुलतानाची फौज इथं आज येते की उद्या, असं चाललंच होतं. पण एवढी माणसं गेली कुठं? आणि गेली असतील, तर मुदपाकखान्यातून धूर कसा निघतोय, तोही रोजच्यापेक्षा जास्त?

माझी धाकटी बहीण शमूनी तिथंच कामाला होती. तेलाची बुधली हातात तशीच धरून मी धावले.

सगळ्या भट्ट्या पेटलेल्या, आणि एकटी शमूनी ओली लाकडं आत सारत होती. डोळे लालभडक.

"अगं, बाकीचे कुठायत?"

"रात्री गलबतांतून गेले. आचारी म्हणाला, विस्तव विझू देऊ नकोस. धूर दिसला की शत्रूला वाटेल, किल्ला भरलेला आहे. मला न्यायला होडी येणार आहे, ताई."

"कुणाची?"

"येईल गं. मी शब्द दिलाय."

मी तिला तटावर नेलं. समुद्रावर एकही शीड नव्हतं. उत्तरेच्या वाटेवर मात्र धूळ उठली होती.

"येईल," ती पुन्हा म्हणाली, पण हळू.

आचाऱ्याला खोटारडा म्हणणं माझ्या जिवावर आलं. शब्द पाळणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मी स्वतः त्यातलीच.

"विस्तव विझू द्यायचा नाही, एवढंच ना कबूल केलंस?"

"हो."

"मग घे मडक्यात. घरी जपू."

ती बघतच राहिली. मग हसली. "तू ना ताई, देवालासुद्धा गुंडाळशील!"

भट्ट्यांत उरलेली ओली लाकडं कोंबून तिनं निखारे राखेत घेतले. जाताजाता त्याच निखाऱ्यावर मी देवघरातला दिवा लावला.

मिठागराच्या बांधावरून मागं वळून पाहिलं. रिकाम्या किल्ल्यावर धुराचा लोट तसाच होता. आणि लांब, वाटेच्या वळणावर, घोडेस्वार लगाम ओढून उभे होते. माना वर करून, आत कोण असेल याचा अंदाज घेत.