भरतीखालची खूण

नम्रता लग्न होऊन खाडीकाठी आली आणि पहिल्याच आठवड्यात हरवली.

तिचं माहेर रोह्याचं. तिथं हरवायची सोयच नव्हती. एका अंगाला कुंडलिका, दुसऱ्या अंगाला डोंगर, मध्ये बाजारपेठ. कुठंही उभं राहून मान वर केली की आपण कुठे आहोत ते कळायचं. धरमतरच्या खाडीकाठी मान वर केली की नुसतं आभाळ. खाली मिठागरांची चौकोनी तळी, त्यांच्यामधून गेलेले मातीचे बांध, बांधापलीकडे तिवरांचं रान, आणि भरती चढली की त्या सगळ्या पाण्यात तेच आभाळ पुन्हा एकदा. सासूसाठी भाकर घेऊन ती सकाळी मिठागराकडे निघाली, ती एका बांधावरून दुसऱ्या बांधावर अशी चालतच राहिली आणि ऊन कलायला लागलं तेव्हा भलत्याच गावच्या मिठागरात उभी होती. तिथल्या बायकांनी तिला पाणी पाजलं, आणलेली भाकर तिलाच खायला लावली आणि घरी आणून सोडलं.

सासू, पुतळीबाई, रागावली नाही. "रोह्याची पोर. सपाट जमीन बघितलीय कुठं तिनं," एवढंच म्हणाली आणि चुलीपुढे बसली. पुतळीबाई मुळातच कमी बोलायची. नवरा कान्हू वारल्यापासून तर फारच कमी.

नवऱ्याला, धनेशला, मात्र या गोष्टीचं हसू आलं. तो बार्जवर खलाशी होता. मोठी जहाजं मुंबईबाहेरच्या समुद्रात थांबायची. त्यांच्यावरचा माल बार्जमध्ये भरून खाडीनं धरमतरच्या जेट्टीवर आणायचा, हे त्याचं काम. त्याचं घरी येणं भरती-ओहोटीच्या हातात. कधी दुपारी यायचा आणि संध्याकाळचं पाणी चढायच्या आत निघून जायचा. पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यानं पिशवीतून एक राखाडी यंत्र काढलं. टेलिफोनच्या रिसीव्हरएवढं, वर बोटभर लांबीची शेंडी, पुढे लहानशी काच. एका परदेशी जहाजावरच्या मेटनं, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यानं, नवं घेतलं होतं आणि हे जुनं धनेशला देऊन टाकलं होतं.

"जीपीएस म्हणतात याला," तो म्हणाला. "आभाळात उपग्रह फिरतात ना, त्यांचं ऐकून हा सांगतो आपण कुठं हाव ते."

"कुणाला सांगतो?"

"तुला. तू हरवतेस ना."

दोघं अंगणात उभी राहिली. यंत्र बराच वेळ गप्प होतं, जणू लांबचं काही ऐकत होतं. मग काचेवर आकडे आले. उत्तरेचे काही, पूर्वेचे काही. धनेशनं एक बटण दाबलं आणि म्हणाला, "ही घराची खूण झाली. आता कुठंही गेलीस तरी बाण घराकडं दाखवील."

यंत्र ओट्यावर ठेवून ती चहा करायला आत गेली. परत येऊन बघते तर आकडे बदललेले. यंत्र जागचं हललं नव्हतं, पण काच सांगत होती की ते हळूहळू चाललंय. आधी ईशान्येला गेलं, थोडं थांबलं, मग खाडीकडे वळलं.

"अहो, हे चालतंय."

"चालनारच," धनेश बशीत चहा ओतत म्हणाला. "ज्यांचे उपग्रह त्यांनीच मुद्दाम थोडी चूक घालून ठेवलीय, असं मेट सांगत होता. नेमकी जागा कुनाला कळू नये म्हणून. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इकडंतिकडं होतं."

नम्रताला ते फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस दुपारची कामं आटपली की ती यंत्र ओट्यावर ठेवायची आणि आपलं घर कुठे कुठे फिरून येतंय ते बघत बसायची. कधी ते शेजारच्या तळ्यावर जायचं, कधी तिवरात शिरायचं. तिलाही मग डोळा लागायचा, आणि झोपेत ओटा होडीसारखा हलतोय असं वाटायचं.

खेळ धनेशनंच सुरू केला. फोटोच्या रोलची काळी डबी असते ना, तसल्या डब्या त्याला जहाजावर मिळायच्या. कामावर जायच्या आधी तो आसपास कुठेतरी एक डबी लपवायचा, त्या जागेची खूण यंत्रात करायचा आणि यंत्र घरी तिच्या हातात देऊन जायचा. पहिल्या डबीत टिकल्यांचं पाकीट निघालं. दुसरीत लवंगा आणि एक गुलाबी शिंपला. एकदा दोघं रोह्याला गेली, तेव्हा तिनं त्याच्यासाठी कुंडलिकेच्या घाटाजवळ डबी लपवली. तो अर्धा दिवस शोधत राहिला आणि घाटावर कपडे धुणाऱ्या तिच्या मावशीच्या हातचा मार खाता खाता वाचला.

दिवाळीनंतर कंपनीनं बार्ज गुजरातच्या किनाऱ्याकडे पाठवला. पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिकडेच काम होतं. जायच्या आधीचे दोन दिवस धनेश सारखा बाहेर भटकत होता. घरी यायचा तो गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेला. निघताना यंत्र तिच्याकडे देत म्हणाला, "यात आता एकच खूण हाय, घराची. बाकीच्या मी लिहून घेतल्यात, फोनवर सांगीन. एकेक करून."

रविवारी ती मिनीडोर रिक्षामध्ये बसून वडखळला जायची. नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये त्याचा फोन यायचा. आधी तो आकडे सांगायचा, ती ते यंत्रात भरायची, मग बाकीचं. सगळ्या आकड्यांची सुरुवात सारखीच असायची, शेवटचे तेवढे बदलायचे. तेवढ्या शेवटच्या आकड्यांत तिचं सगळं गाव मावत होतं.

"उघाडी माहीत हाय ना, बांधातलं पानी सोडायचं दार?"

"आता सांगू नका. मी शोधीन."

"बरं. जेवलीस का?"

अशी नम्रता हिवाळाभर शोधत फिरली. यंत्र तिला एखाद्या जागेच्या आसपास नेऊन सोडायचं आणि मग इकडेतिकडे करायला लागायचं. पुढचं तिला डोळ्यांनी शोधावं लागायचं. त्यामुळे तिनं पुष्कळ काही पाहिलं. मीठ धरायच्या आधी तळ्याचं पाणी गुलाबी होतं ते पाहिलं. तिवराच्या मुळ्या चिखलातून बोटांसारख्या वर येतात, ओहोटीला त्यांच्यातून बारीक बारीक आवाज येतो, तो ऐकला. कुठल्या बांधावर पाय रुततो आणि कुठला दगडासारखा घट्ट आहे, कुठे बगळे उतरतात, डोलवीच्या कारखान्याचा धूर कधी कुठे वळतो, हे तिला न ठरवता कळत गेलं.

गावात मात्र बोलणं सुरू झालं. पुतळीची सून हातात रेडिओ घेऊन फिरते आणि दगड उलटेपालटे करते, पुरलेलं धन हुडकते की काय. एक दिवस ती उघाडीपाशी गुडघे टेकून बसली होती, तेव्हा मागून सासूचा आवाज आला.

"काय हुडकतेस गो?"

नम्रतानं पदर नीट केला. खोटं काय सांगावं ते सुचेना, म्हणून खरं सांगून टाकलं. "त्यांनी डबी ठेवलीय. माझ्यासाठी. ती शोधतेय."

 पुतळीबाई कासोटा सावरून खाली बसली, उघाडीच्या लाकडी फळीखाली तिनं हात घातला, पलीकडच्या दगडामागे घातला, आणि काळी डबी बाहेर काढली. आत बार्जवरची पत्र्याची शिट्टी होती. पुतळीबाईनं ती पदराला पुसली आणि तोंडाला लावून वाजवली. तळ्यावरचे सगळे बगळे एकदम उठले आणि पांढरी चादर झटकावी तसे हवेत पसरले. पुतळीबाई तोंडाला पदर लावून हसत होती. नम्रतानं सासूला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर दोघी मिळून जायला लागल्या. पुतळीबाई वाटेत बोलायला लागली, आधी मिठाबद्दल, मग माशांबद्दल. माघ संपत आला तेव्हा एका दुपारी मोठ्या बांधावर बसल्या असताना तिनं यंत्राकडे बोट केलं.

"हे मशीन कुठलीबी जागा दावतं?"

"आधी कुणीतरी तिथं जाऊन खूण केलेली असली तर."

पुतळीबाई समोर बघत होती. समोर पाणी होतं आणि पाण्यात उभी तिवरं. "आपलं घर तिथं व्हतं," ती म्हणाली. "अख्खी वाडीच व्हती. बांधाला खांड पडली, फुटला तो, आन् पानी आत आलं. परत बांधनार व्हते. नाय बांधला. धनेश तवा पेनला मामाकडं शाळेत व्हता. तो आला तवर आमी इकडं झोपडी घातली व्हती."

"त्यांना जागा माहीत नाही?"

"कशी असनार? मना तरी कुठं म्हाईत हाय आता. सगलं रान झालं."

 पुढच्या अमावास्येला, मोठ्या ओहोटीच्या दिवशी, सकाळीच नम्रतानं शेजारच्या काळुरामची होडी मागून घेतली. काळुराम स्वतः वल्हवायला आला. पाणी उतरत गेलं तसा तिवरांमधून एक मोकळा पट्टा वर आला, काळा आणि चकचकीत. पुतळीबाई होडीतून उतरली. मांडीपर्यंत चिखलात गेली, तरी थांबली नाही.

ती पायांनी शोधत होती. एक पाय रोवायची, डोळे मिटायची, मान हलवायची, पुढे जायची. कधी मागे वळायची. यंत्र हातात धरून नम्रता तिच्या मागे. ऊन वर आलं होतं आणि चिखलातून वाफ निघत होती. त्या वाफेत सासू कुणाच्या तरी घरात चाचपडत चालल्यासारखी दिसत होती. नंतर पुतळीबाई एका जागी उभी राहिली ती हललीच नाही.

"जोत्याचा दगड हाय," ती म्हणाली. "ही पायरी. हिचा कोपरा फुटलेला व्हता. बघ, पाय ठेव."

नम्रतानं पाय ठेवला. चिखलाखाली गार दगड लागला, आणि त्याचा तुटका कोपरा. तिनं यंत्र वर आभाळाकडे धरलं, आकडे यायची वाट पाहिली आणि बटण दाबलं.

"झाली खूण?"

"झाली. पण आई, ही अगदी नेमकी नाही. थोडी इकडंतिकडं होईल."

"होऊं दे," पुतळीबाई म्हणाली. "घरात तरी मानूस एका जागी कुठं बसतंय."

नम्रतानं कमरेची पिशवी चाचपली. येताना तिनं एक रिकामी डबी आणली होती. "इथं काय ठेवायचं, आई?"

"काय नको. घर हाय की."

काळुराम होडीतून हाका मारायला लागला, पाणी फिरलं होतं. पुतळीबाई मात्र घाई न करता चालली. होडीत बसल्यावर तिनं पाय धुतले नाहीत. चिखल वाळून त्याचे पापुद्रे पडेपर्यंत तसेच ठेवले. त्या दिवसापासून ती कान्हूचं नाव घेऊन बोलायला लागली. मीठ ओढता ओढता तो गायचा, आणि त्याला सूर अजिबात नव्हता, हे नम्रताला तेव्हा कळलं.

ज्येष्ठात धनेश परत आला. उन्हानं काळा झालेला, सुरतेहून आईला लुगडं आणि बायकोला घड्याळ घेऊन. दुपारी जेवण झाल्यावर नम्रतानं यंत्र त्याच्यापुढे ठेवलं.

"आता तुम्ही शोधा."

त्यानं बाण पाहिला. बाण खाडीकडे होता. "पान्यात?"

"मला काय विचारता? बाणाला विचारा."

काळुरामची होडी पुन्हा मागितली. या वेळी भरती होती, भरपूर पाणी होतं. धनेश वल्हवत होता, नम्रता यंत्र धरून पुढे, आणि मध्ये नवं लुगडं नेसलेली पुतळीबाई. वारा पडला होता. पाण्यावर ढग उतरले होते आणि होडी त्यांच्यावरून चालली होती. तिवरांची नुसती डोकी वर दिसत होती. धनेश प्रत्येक झाडापाशी डबी टांगलेली आहे का बघायचा आणि आकडे विचारायचा.

"आलं," नम्रता म्हणाली. "इथंच कुठंतरी."

त्यानं वल्ही आत घेतली. चारी बाजूंना पाहिलं. काठी नव्हती, दोरी नव्हती, काही नव्हतं. "काय हाय इथं?"

 होडी भरतीच्या जोरानं आपली आपण सरकत होती. पुतळीबाईनं हात पाण्यात सोडला होता. थोड्या वेळानं ती, जणू रोजचंच सांगावं तशी, म्हणाली, "धनेश, तू आता ओसरीवर हायस."

 धनेशनं खाली पाण्यात पाहिलं. पाणी गढूळ होतं, काही दिसत नव्हतं, तरी तो बघतच होता. त्याला समजलं तेव्हा त्याचा हात आपोआप वल्ह्याकडे गेला, होडी थांबवायला. आईनं तो धरला.

"चालूं दे," ती म्हणाली. होडी सरकत राहिली. "आता आत आलास. हितं चूल. ही तुजी झोली टांगायची जागा, मधल्या वाशाला. तुजा बाप हितं बसायचा, भिंतीला टेकून. मागं परसात शेवगा व्हता, आठवतो?"

"शेवगा आठवतो," धनेश म्हणाला. 

"मग बस. येईल तो बी."

नम्रतानं यंत्राकडे पाहिलं नाही. ते मांडीवर पालथं पडलं होतं. होडी परसाकडे निघाली होती, आणि तिघंही शेवगा यायची वाट पाहत होती.