सहादूची शाल

"हातात बादली आन् तोंडाला कुलूप! लेकीचं लगीन हाय का दहावा?" ठमाबाईनं नवऱ्याला भर मांडवात झापलं.

सहादूनं बादली दुसऱ्या हातात घेतली. सायखेड्याच्या आसपास त्याच्यासारखा वाढपी नव्हता. जेवणाऱ्यानं पानावर हात आडवे धरले, तरी बोटांच्या फटीतून बुंदी खाली उतरवायची, ही त्याची ख्याती. म्हणूनच ग्रामसेविका शुभांगीताईंनी सरकारच्या अन्नबचत मोहिमेसाठी नेमकं त्यालाच दूत नेमलं. ग्रामसभेत शाल घेताना गडी माईकवरून बोलून बसला, "माझ्या स्नेहलच्या लग्नात आग्रह बंद. उष्टं पाच किलोच्या वर गेलं, तर ही शाल परत!"

आता ती शाल वैशाखाच्या उन्हात खांद्यावर होती आणि उष्ट्याच्या पिंपाशेजारी ताई वजनकाटा मांडून बसल्या होत्या.

वऱ्हाडाच्या पंगतीत पहिल्या पानावर व्याही पुंजाबाबा.

"पाव्हणं, बुंदी वाढू?"

"नको."

"बरं." सहादू पुढं सरकला.

पुंजाबाबा बघतच राहिले. त्यांनी नको म्हटल्यावर भावकीनं हो कसं म्हणायचं? सगळी रांग नको म्हणत गेली. भाताचंही तेच. पाहुण्याचं पहिलं 'नको' हे पुन्हा विचारावं म्हणून असतं, हे सहादूइतकं कुणाला ठाऊक होतं? जन्मभर त्यानं कुणाचं नको ऐकलं नव्हतं. आज शाल पांघरून ऐकत सुटला होता.

काटा दीड किलोवर थांबला. ताईंनी फोटो काढला. "सहादूभाऊ, असं लग्न तालुक्यात झालं नाही!"

"तेच म्हणते मी," ठमाबाई कडाडली. "वऱ्हाड उपाशी गाडीत जाऊन बसलंय. पोरीला जन्म काढायचाय त्यांच्यात! आन् ती कढई बघा."

पानातली नासाडी टळली होती खरी. ती सगळी कढईत काठोकाठ बसली होती.

सहादूनं शाल मांडवाच्या खांबाला टांगली, बादली भरली आणि तडक गाडीत चढला.

"नको. पोट भरलं," पुंजाबाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"भरलं ना? मंग आ करा!"

बुंदीचा मुटका थेट तोंडात. गाडी खो खो हसली.

"आमाला वाटलं, आमी जड झालो," पुंजाबाबा घास गिळत म्हणाले.

"मीच लय शहाणा झालो व्हतो. उतरा, पानं मांडलीत."

पंगत पुन्हा बसली, रंगली. चौथ्या वाढपाला पुंजाबाबांनी हात आडवे धरले. सहादूची नजर सवयीनं बोटांची फट शोधू लागली. मग त्याला पिंप दिसलं.

"पाव्हणं, खरं सांगा. हे नको मानाचं का पोटाचं?"

"पोटाचं, बाबा!"

सहादूनं बादली मागं घेतली. एवढं जड ओझं त्यानं उभ्या हयातीत उचललं नव्हतं.

काट्याजवळ शुभांगीताई तशाच बसून होत्या.

"ताई, तुमी जेवल्या ना?"

"मघाशी नको म्हटलं मी," ताई हळूच म्हणाल्या. "तुम्ही परत विचारलंच नाही."