पान एकोणचाळीसवरचे मामा

मामा गेले, आणि माझं त्यांना सांगायचं राहून गेलं.

हे वाक्य छापायचं नाही. मामा कुठेही गेलेले नाहीत. ते छापखान्यात खिडकीखालच्या टेबलाशी बसलेत, चष्मा कपाळावर आहे, आणि ते चष्मा शोधतायत.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. याला प्रूफं वाचणं म्हणतात. मी त्याच छापखान्यात मजकूर टाइप करतो. नोकरी त्यांनीच लावली. पहिल्या प्रुफाला मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि त्यांनी प्रुफावर डोळा ठेवायचा. ही सवय इतकी मुरली की घरी आले तरी ते विचारायचे, "आई कुठाय प्रश्नचिन्ह." मी म्हणायचो, "आत आहे पूर्णविराम." आईच्या तोंडून मात्र उद्गारचिन्हंच यायची.

दरवर्षी तर्कशास्त्राचं क्रमिक पुस्तक आमच्याकडे छपाईला यायचं. पान एकोणचाळीस ठरलेलं. सर्व माणसे मर्त्य आहेत. सॉक्रेटिस माणूस आहे. म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. लेखक बदलले, मुखपृष्ठं बदलली, एकदा तर पुस्तकाचा आकार बदलला, पण या तीन ओळींना हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

"ग्रीकांनी एकदा बसून विचार करून ठेवला," मामा म्हणायचे, "पुढच्यांनी भांडत भांडत का होईना, तोच उतरवून घेतला. आणि त्या बिचाऱ्याचं एकदा विष पिऊन भागलं नाही. दर आवृत्तीला मरायचं."

मला गंमत सुचली. शेवटच्या प्रुफात मी सॉक्रेटिसला काढलं आणि 'मामा' टाकलं. क्रियापदं आदरार्थी केली; शेवटी मामा आहेत. सुटलेला अनुस्वार त्यांना पलीकडच्या टेबलावरून दिसायचा. शेवटचं प्रूफ ते एकटे, मनातल्या मनात वाचत. ओळीशी येतील, थबकतील, "गाढवा!" म्हणून पेन फेकून मारतील, मग आम्ही चहा पिऊ. एवढाच बेत होता.

मामा ओळीशी आले. पुढे गेले. शेवटच्या पानावर सही केली: छपाईस हरकत नाही.

मी सांगणारच होतो, पण तेवढ्यात दुसरं काम आलं. खरं म्हणजे काही काम-बिम आलं नव्हतं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू झालेलं होतं.

पंधरा दिवसांनी मालकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि पुस्तक टेबलावर आपटलं.

"हे काय आहे?"

मामांनी पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ तिथेच धरलं. मग मालकांना विचारलं, "पहिलं विधान मान्य आहे ना तुम्हाला?"

"अहो, कसलं विधान!"

"मी माणूस आहे, हे?"

"आहात हो, पण..."

"मग निष्कर्षात चूक नाही."

"शेवटची सही कुणाची?"

"माझी," मामा म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. नोकरीत कायम व्हायला मला दोन महिने राहिले होते.

जिना उतरताना मामा म्हणाले, "तीनदा वाचली रे मी ती ओळ. मला तिथे सॉक्रेटिसच दिसला. एकतीस वर्षं तोच असतो ना. डोळा जातो, बघतो, मेला का, मेला, आणि पुढे सरकतो."

"मशीननं केलं असेल," मी म्हणालो. "कधीकधी होतं."

"मी मामा आहे हे मशीनला कुणी सांगितलं?"

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. पायात चपला होत्या.

सोमवारी खिडकीखालचं टेबल दुसऱ्याला मिळालं. मामा घरी बसले. पुस्तकावर पाठ्यपुस्तक समितीनं 'पुढील आवृत्तीत पाहू' असा शेरा मारला. तोवर गाइडं निघाली. गाइडवाल्यांनी पान जसंच्या तसं उतरवलं आणि खाली टीप दिली: 'मामा – प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ते. मृत्यूविषयक चिंतनासाठी प्रसिद्ध.' वार्षिक परीक्षेत प्रश्न आला: मामा मर्त्य का आहेत? सकारण लिहा. पाच गुण.

मी ती प्रश्नपत्रिका त्यांना नेऊन दाखवली. बऱ्याच महिन्यांनी ते हसले.

"बघ, ग्रीक झालो की मी! परंपरा अशीच चालते बाबा. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं न बघता उतरवायचं, तिसऱ्यानं टीप द्यायची." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "ते मशीन तुला भेटलं ना, तर सांग त्याला. मामा रागावलेले नाहीत म्हणावं. फक्त एकदा समोर येऊन काय ते बोल म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

रविवारी दुपारी जायचं ठरवलं. काय बोलायचं ते लिहूनही काढलं, विरामचिन्हांसकट. शुक्रवारी पहाटे मामींचा फोन आला.

प्रति,
अध्यक्ष, पाठ्यपुस्तक समिती.

विषय: पान एकोणचाळीस, पहिल्या ओळीत दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,
सदर पानावरील बदल मशीनने केलेला नसून अर्जदाराने केलेला आहे. 'मामा' हा शब्द काढून 'सॉक्रेटिस' पूर्ववत घातल्यास पुस्तक शुद्ध होईल, परंतु मामांना त्याचा काही उपयोग नाही. निष्कर्ष नियमानुसार निघालेला असल्याने तोही परस्पर बदलता येत नाही. तरी पहिल्या ओळीतील 'सर्व' या शब्दाऐवजी 'एक सोडून सर्व' असे छापण्यास मंजुरी मिळावी. ही सवलत कायमस्वरूपी देणे शक्य नसल्यास निदान त्या रविवारी दुपारपर्यंत द्यावी, ही नम्र विनंती.