आतून शेक

मी खोटं बोलले ते ह्यांच्या जिवासाठीच. कोणाला पटो न पटो. पण आधी बापूरावांचं ऐका. बापूराव म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. कुठल्याशा डॉक्टरने तोंडावर 'कॅन्सर' म्हटलं आणि चांगला धट्टाकट्टा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवण सोडलं, विसाव्या दिवशी गेला. म्हणून त्या जानेवारीत डॉक्टरांनी ह्यांचा रिपोर्ट हातात घेतला, तसं मी ह्यांना बाहेर पाणी आणायला पिटाळलं.

"लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे. अडीच सेंटीमीटर," डॉक्टर म्हणाले. "पण वेळेत सापडलीय. पोटातून एक सुई थेट गाठीत घालायची आणि टोकातून मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या, घरातल्या ओव्हनसारख्याच. दहा मिनिटांत गाठ जागच्या जागी शिजून मरते. फक्त तीनच्या पुढे जाऊ देऊ नका. आणि त्यांना सांगा."

"सांगते की," मी म्हटलं.

काय सांगितलं? "अहो, लिव्हरला सूज आहे. आतून शेक देणार आहेत."

"शेकच ना?" हे हसले. "मग एवढं तोंड का पाडलंयस? चेतन आला की घेऊ."

चेतन आमचा एकुलता एक. हिंजवडीच्या कंपनीने त्याला चार महिन्यांसाठी डॅलसला पाठवलं होतं, पहिलंच ऑनसाइट. ह्यांनी वारज्याच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. सुईची ह्यांना लहान मुलासारखी भीती, लेक उशाशी हवा. मेमध्ये घेऊ शेक, म्हणाले. आणि पोराला यातलं अक्षर कळवायचं नाही, तो काम टाकून पळत येईल, अशी मलाच तंबी.

रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचंच. कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेला माणूस, केसाएवढा फरक ओळखणारा. पण माझ्यावर कसा डोळे झाकून विश्वास! चहा घेताना हे विचारायचे, "काय गं, आज गप्प?" मला बापूरावांची पाठ दिसायची. मी म्हणायचे, "काही नाही, बिस्किट घ्या." शेक लवकर घ्या म्हणून मी भांडले, रडले. "सुजेसाठी एवढा कांगावा?" हे म्हणाले. दवाखान्यातून फोन आले, ते मी उचलले नाहीत. एक खरं वाक्य सोडून सगळं बोलले. नतद्रष्ट बाई मी!

मेमध्ये चेतन आला. नवा स्कॅन झाला. तिघं डॉक्टरांसमोर बसलो.

"साडेपाच सेंटीमीटर," डॉक्टर म्हणाले. "शेजारी आणखी तीन गाठी. कॅन्सर पसरलाय, आता सुईने भागणार नाही. जानेवारीत सांगितलं तेव्हाच आला असतात, तर..."

चेतन ताडकन उठला. "जानेवारीत? कोणाला सांगितलं होतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. कॅन्सर हा शब्द ह्यांनी स्वतःबद्दल त्या खोलीत पहिल्यांदा ऐकला होता. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "मला. मीच लपवलं. तुझ्या आईला काही माहीत नव्हतं."

"वेडे आहात का बाबा तुम्ही?" चेतन ओरडला. "काय हिरोगिरी ही? मी पहिल्या फ्लाइटने आलो असतो!" तो बोलतच सुटला. हे मान खाली घालून ऐकत होते. डॉक्टर कागद चाळत राहिले. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. ह्यांनी माझा हात दाबला आणि मी ते मिटलं.

ह्यांनी जेवण सोडलं नाही. भिंतीकडे तोंडही केलं नाही. ऑगस्टपर्यंत रोज माझ्याबरोबर चहा घेतला, बिस्किट बुडवून. एकदाच म्हणाले, "शालन, मी बापूराव नव्हतो गं."

चेतन अजून बाबांवर चिडून आहे. फोटोपुढे उदबत्ती लावतानाही पुटपुटतो, "फसवलंत आम्हाला." मी शेजारीच उभी असते. काडेपेटी मीच देते त्याच्या हातात.