थोडा वेळ बसा

डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या कानात डोकावून पाहिलं आणि हातातला दिवा विझवला.

"कान ठणठणीत आहे. मळ मात्र भरपूर साठवलाय. विकायचा विचार आहे का?"

मुलगी खुदकन हसली. तिचे वडीलही हसले, पण जरा उशिरा. ते रंगारी होते, घरं रंगवायची कामं घेत. कितीही घासले तरी त्यांच्या नखांच्या कडांना रंग राहायचाच, म्हणून परक्या ठिकाणी ते मुठी मिटून बसत.

"बारा पूर्ण ना हिला? मग एक लस सुचवते," कानात घालायचे थेंब लिहून देता देता डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात दिली की चांगली लागू पडते. बायकांना पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो, त्याचा धोका या लसीनं खूप कमी होतो."

रंगारी समोरच्या भिंतीकडे बघू लागला. ओल येऊन तिथल्या रंगाला पोपडे धरले होते. एरवी त्यानं न विचारताच सांगितलं असतं, आधी गळती शोधा, मग रंगाचं बघू. आत्ता तो नुसता पोपडे मोजत राहिला.

"घरात कुणाशी बोलायचं असेल तर बोलून या. हिच्या आईला घेऊन या हवं तर."

"आम्ही दोघंच असतो," तो म्हणाला. मग मुलीकडे वळला. "बाळा, तू जरा बाहेर बस."

बायको गेली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. आईच्या पोटात दुखत होतं, एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं. त्या आजाराचं नाव त्यानं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. कुणी विषय काढला की तो चहा टाकायला उठायचा. हळूहळू नातेवाइकांनी विषय काढणं सोडलं, मग येणंही. संध्याकाळी बापलेक टीव्हीसमोर जेवायची. शाळा कशी? बरी. काम कसं? चाललंय. मग ती पुस्तकं घेऊन आत जायची आणि तो रिकाम्या स्वयंपाकघरात उगाच ओटा पुसत राहायचा.

मुलगी जागची हलली नाही. वडिलांकडे न बघता तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आईला झाला होता, तोच ना हा?"



"तुला कुणी सांगितलं?" रंगाऱ्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"आत्यानं. आई गेली तेव्हाच. म्हणाली, बाबांसमोर बोलू नकोस, ते खचतील."

त्यानं मिटलेल्या मुठी उघडल्या, मांडीवर ठेवल्या आणि पुन्हा मिटल्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. घाई केली नाही, समजूतही घातली नाही. मग मुलीनंच विचारलं, "सुई दुखते का?"

"टोचल्यावर हात ठणकतो थोडा. दुसरा डोस सहा महिन्यांनी."

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. तिनं बाही वर सारली.

सुई टोचून झाल्यावर नर्सनं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. "थोडा वेळ बसा. चक्कर वगैरे आली तर हाक मारा."

दोघं शेजारी बसली. समोर एक म्हातारे गृहस्थ पेंगत होते. मुलगी दंडावरचा कापसाचा बोळा दाबत होती.

"आईला खूप दुखायचं का हो बाबा?"

त्याला उठावंसं वाटलं. पण इथे चहा टाकायला चूल नव्हती, पुसायला ओटा नव्हता.

"खूप," तो म्हणाला. मग त्यानं पुन्हा सुरुवात केली. "पण तू शाळेतून यायच्या वेळेला ती उठून बसायची. मला म्हणायची, केस विंचरून द्या. मला कुठली वेणी घालता येतेय? दर वेळी वाकडी. तुझी आई आरशात बघायची आणि हसत सुटायची."

"वाकडीच आठवतेय मला," मुलगी म्हणाली.

बऱ्याच वेळानं नर्स डोकावली. "काही त्रास नाही ना? आता निघालात तरी चालेल."

"हो," रंगारी म्हणाला. "बसतो अजून जरा."