गिरणी बंद असताना

क्षमानं सतारीची खुंटी चौथ्यांदा पिळली, कान लावला आणि पुन्हा सैल सोडली. तार चुकलेली नव्हती, हे तिला कळत होतं. तरी सूर बसत नव्हता.

समोर खुर्चीवर पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला मोबाइल होता. त्यात वीस मिनिटांचा आलाप सलग रेकॉर्ड करून पाचच्या आत पाठवायचा होता. सतारवादनाच्या पीएच.डी.साठी दोन विद्यापीठांची मुदत आजच संपत होती. एकानं तिचा विषय मंजूर केला होता. 'होय' एवढं कळवलं की जागा पक्की. तिथं तीन वर्षं सतारीविषयी लिहायचं होतं. दुसरीकडं मुख्यतः वाजवायचं होतं, पण जागा एकच, आणि त्याआधी हे रेकॉर्डिंग.

"दोन्हीकडं डॉक्टरच म्हणणार ना?" धम्मपाल दारातून म्हणाले. लोहाऱ्याच्या तहसील कचेरीतून त्यांनी आज रजा घेतली होती.

"व्हय, पप्पा."

"मग पक्कं सोडून हे कशाला? लिहिलेलं कपाटात राहतंय बाई. वाजवलेलं कुठं दाखवशील?"

महिनाभर क्षमा सकाळी एक ठरवत होती आणि संध्याकाळी दुसरं.

असं म्हणणाऱ्या धम्मपालांनीच समोरच्या वीरप्पाला तासभर गिरणी बंद ठेवायला सांगितलं होतं. गिरणीला लागणारी थ्री-फेज लाइट दोनपर्यंतच. ओट्यावर दळणाचे डबे रांगेत थांबले होते.

"आज ज्वारी कच्चीच खावा," ओट्यावर दळणासाठी बसलेल्या हरणाबाईंचा आवाज आला. "वर सतार तोंडी लावा."

"हळू बोला, मावशी. रेकॉर्डिंग चालू हाय," वीरप्पा दबक्या आवाजात म्हणाला.

गल्ली गप्प झाली. क्षमानं पुन्हा सुरुवात केली. सूर ओढून 'सा'वर आणायचा, तो जरा वरच थांबला. कॉलेजात साथीला तानपुरा असे. घरी त्याची गरज कधी पडलीच नव्हती. का पडली नव्हती, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदाच आला. सतार बाजूला ठेवून ती बाहेर गेली.

"झालं व्हय, पोरी?" वीरप्पानं विचारलं.

"न्हाय, काका. गिरणी चालू करा."

"अगं, आवाज येईल की त्यात!"

"येऊ द्या."

वीरप्पानं धम्मपालांकडं पाहिलं. त्यांनाही काही उमगलं नव्हतं. शेवटी त्यानं बटण दाबलं. पट्टा फिरला, घुमारा वाढत वाढत एका जागी स्थिरावला. शाळेत असल्यापासून ती याच घुमाऱ्यावर तारा लावत आली होती. दळण संपत आलं की तो किंचित चढतो, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

वीस मिनिटं तिनं खुंटीला हात लावला नाही.

पावणेपाचला ती अर्ज भरत बसली. धम्मपाल चष्मा लावून शेजारी आले. एका नियमावर त्यांनी बोट ठेवलं. रेकॉर्डिंगमध्ये इतर आवाज असल्यास अर्ज बाद होऊ शकतो.

"हे वाचलंस?"

"वाचलं."

"आणि तिकडं 'होय' कळवलंस?"

क्षमानं पान पुढं सरकवलं. खाली साथ करणाऱ्याचा रकाना होता: पूर्ण नाव आणि वाद्य. वाद्य तिनं आधी लिहिलं: गिरणी. मग मान वर केली.

"पप्पा, वीरप्पाकाकांच्या वडिलांचं नाव काय?"